ओझे उचलण्याचा व्यापार

शेतमाल विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात अडत्या जी हिशेबपट्टी ठेवतो, तिच्यावर भावाच्या आकड्याखाली हमाली, तोलाई, वाराई असे दोनतीन लहान आकडे असतात. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांच्याकडे कधी निरखून पाहिले नसेल. मालाला काय भाव मिळाला हे आपण विचारतो; तो माल गाडीतून खाली कोणी उतरवला, हे विचारीत नाही. परंतु कोणतीही वस्तू जिथे तयार होते तिथून जिथे वापरली जाते तिथवर येईपर्यंत दहावीस वेळा तरी उचलली जाते आणि दहावीस वेळा खाली ठेवली जाते. या उचलठेवीने साखर अधिक गोड होत नाही, की पोलाद अधिक कठीण होत नाही. पैसा मात्र दर खेपेला लागतो आणि दर खेपेला कोणाची तरी पाठ वाकते.

ही पाठ वाकू नये म्हणून जी यंत्रे निघाली, ती विकणे, भाड्याने देणे आणि चालती ठेवणे हा एक स्वतंत्र व्यापार आहे. फोर्कलिफ्ट, चेनपुली, विजेचा हॉइस्ट, गोदामात हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली, ही त्या दुकानातली चीजवस्तू. या व्यापारात माझी पुष्कळ वर्षे गेली. घरी पाहुणे आले आणि त्यांनी विचारले, ‘काय करता?’ तर मी आधी ‘वितरक’ म्हणत असे. मग त्यांना वाटे, औषधांचा किंवा वर्तमानपत्रांचा. शेवटी मी सांगू लागलो की आमचे दुकान ओझे उचलण्याचे आहे. तेव्हा ते हसत आणि विषय संपत असे. आज तो विषय थोडा पुढे नेण्याची संधी मिळाली आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. लहान मुलांच्या बागेत जी सीसॉची फळी असते, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मधे टेकू, एका टोकाला एक मूल, दुसऱ्या टोकाला दुसरे. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवर बसवलेली अशी फळीच होय. तिचा टेकू म्हणजे पुढची दोन चाके. टेकूच्या पुढे काट्यांवर माल असतो, आणि मागे यंत्राचे स्वतःचे वजन. म्हणूनच तिच्या पाठीमागे ओतीव लोखंडाचा एक प्रचंड ठोकळा बसवलेला असतो; त्याला काउंटरवेट म्हणतात. पुष्कळ गिऱ्हाइके मला विचारीत की, एवढेसे यंत्र, मग त्याचे वजन उचलायच्या मालाहूनही जास्त का? उत्तर हेच की ते वजन हाच त्याचा गुण आहे. विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये शिशाच्या बॅटरीचे वजनही याच कामाला येते. मोटरगाडीत जड बॅटरी हा भार असतो, इथे ती सोय ठरते.

आकड्यांनी पाहू. समजा, दोन टनांची एक फोर्कलिफ्ट आहे. ‘दोन टनांची’ याचा अर्थ ती कोणताही दोन टनांचा माल उचलील असा नव्हे. मालाचा गुरुत्वमध्य काट्याच्या उभ्या बाजूपासून 500 मिलिमीटरवर असेल, तर ती 2,000 किलो उचलील, असा तो अर्थ आहे. पुढच्या चाकाच्या आसापासून काट्याच्या उभ्या बाजूपर्यंत आणखी 400 मिलिमीटर धरा. म्हणजे टेकूपासून ओझ्यापर्यंतचे अंतर 900 मिलिमीटर झाले. आता त्याच काट्यांवर दोन मीटर लांबीची पेटी ठेवली, तर तिचा मध्य 500 ऐवजी 1,000 मिलिमीटरवर जातो आणि टेकूपासूनचे अंतर 1,400 होते. तरफेच्या नियमाने मग तेच यंत्र सुमारे 1,285 किलोच सुरक्षितपणे उचलू शकते. यंत्र तेच, चालक तोच, पाटीवर आकडाही ‘2,000’ हाच. आणि सातशे किलोंचा फरक केवळ पेटीच्या लांबीने पडला. कारखान्यांत फोर्कलिफ्टची मागची चाके अधांतरी उचललेली मी पाहिली आहेत. अशा वेळी मागे दोन माणसांना उभे करून ‘वजन द्या रे’ असे सांगणारेही पाहिले आहेत. ही दोन माणसे काउंटरवेट म्हणून उभी असतात, हे त्यांच्या घरी कोणाला ठाऊक नसते.

उचलण्याचे काम तेलाच्या दाबाने होते. पंप तेल ढकलतो, तेल नळकांड्यातील दट्ट्याला वर लोटते. पण दट्ट्या थेट काट्यांना जोडलेला नसतो. मधे साखळी आणि कप्पी असते. साखळीचे एक टोक यंत्राच्या स्थिर भागाला आणि दुसरे काट्यांच्या चौकटीला बांधलेले असते. दट्ट्या कप्पीला वर ढकलतो, त्यामुळे दट्ट्या एक हात वर गेला की काटे दोन हात वर जातात. विहिरीवरच्या कप्पीने पाणी ओढणाऱ्यांना हे समजायला अडचण पडू नये. फक्त इथे हिशेब उलटा आहे, जोर दुप्पट लावून अंतर दुप्पट मिळवायचे.

चेनपुलीचा हिशेब याच्या बरोबर विरुद्ध. जुन्या पद्धतीच्या, वेस्टनच्या चेनपुलीत एकाच आसावर दोन चाके असतात, एक किंचित मोठे आणि एक किंचित लहान. एकच साखळी दोहोंवरून फिरते. मोठ्या चाकावरून जितकी साखळी वर येते, त्याहून किंचित कमी लहान चाकावरून खाली सुटते, आणि ओझे त्या फरकाच्या निम्मेच वर चढते. चाकांच्या त्रिज्या दहा आणि नऊ इंच असतील, तर घर्षण सोडून जोर वीसपट होतो. हात सोडला तरी ओझे घसरून खाली येत नाही, कारण साखळीचे घर्षणच ते धरून ठेवते. आता दंतचक्रांच्या चेनपुल्या सर्वत्र असतात; पण गॅरेजमध्ये एकटा मेकॅनिक मोटारीचे अख्खे इंजिन दोन हातांनी बाहेर काढतो, त्यामागचे तत्त्व हेच, थोड्या जोराने खूप ओढायचे आणि वजनदार वस्तू थोडी थोडी चढवायची.

फोर्कलिफ्टचा जन्म कोणा एका संशोधकाच्या डोक्यातून झालेला नाही. 1906 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेने अल्टूना येथे प्रवाशांचे सामान वाहणाऱ्या गाड्यांना बॅटरी आणि मोटर जोडली. पुढे 1917 मध्ये मिशिगन राज्यातील ब्यूकॅनन गावी क्लार्क कंपनीने एक तीनचाकी गाडी बांधली. ही कंपनी मोटारींचे आस बनवीत असे, आणि गाडी बांधली ती आपल्याच कारखान्यात माल इकडून तिकडे नेण्यासाठी. कारखाना पाहायला आलेल्या लोकांना आसांपेक्षा ती गाडीच अधिक आवडली. ‘आम्हालाही एक बांधून द्या’ अशा मागण्या येऊ लागल्या, आणि कंपनीला नकळत एक नवा धंदा मिळाला. परंतु तिला काटे नव्हते. उभ्या दांड्यांवरून काटे वर चढवणारा विजेचा ट्रक 1923 मध्ये येल कंपनीने काढला, आणि पुष्कळ लोक त्यालाच पहिली फोर्कलिफ्ट मानतात.

हे येल नाव आपल्याला कुठे भेटले आहे? कुलुपांवर. येल आणि टाउन यांची कंपनी 1868 साली कुलुपे बनवण्यासाठी स्थापन झाली. मग ती चेनपुल्यांकडे वळली आणि मग फोर्कलिफ्टकडे. आपल्याकडे पाहा. 1897 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला, आणि विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात त्याच गोदरेजच्या कारखान्यातून फोर्कलिफ्ट बाहेर पडू लागल्या. कुलूप आणि फोर्कलिफ्ट यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच दिसतो की दोन्हींत पोलादाचे अचूक काम लागते, आणि दोन्हींचे गिऱ्हाईक वखारवालाच असतो. आधी त्याने माल रचून ठेवायचा, मग त्याला कुलूप लावायचे. हे माझे अनुमान आहे, इतिहास नव्हे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्टलंड येथे हायस्टर ही तिसरी कंपनी लाकूडतोडीच्या धंद्यातून वर आली. ओंडका उचलताना तिकडचे मजूर जी हाळी देत, तिच्यावरून हे नाव पडले असे ती कंपनी सांगते. आपल्या ‘हैशा’वरून एखाद्या कंपनीचे नाव पडल्याचे मात्र मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या यंत्राला जगभर नेले. त्याच्याबरोबर एक अगदी साधी, खिळे ठोकलेली लाकडी वस्तू गेली. तिच्याविषयी दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. ती वस्तू म्हणजे पॅलेट. दोन थरांच्या फळ्या आणि मधे काटे शिरायला जागा. फोर्कलिफ्टची जाहिरात होते, पॅलेटची होत नाही. पण पॅलेटवाचून फोर्कलिफ्ट म्हणजे ताटावाचून वाढपी. अमेरिकन सैन्याने दारूगोळा, डबे, पिंपे सर्व काही पॅलेटवर रचून पाठवले, आणि आगगाडी, बंदर, जहाज, किनारा या प्रत्येक ठिकाणी तो माल सुटा न करता उचलला. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात अमेरिकन सैन्याची यंत्रे आणि पॅलेटे मागे राहिली. तिथल्या सरकारने त्यांचा एक साठा करून तो बंदरांना वापरायला देण्याची व्यवस्था केली, आणि 1958 मध्ये ती ब्रॅम्बल्स या खाजगी कंपनीला विकली. पॅलेट विकायची नाहीत, भाड्याने फिरवायची, या कल्पनेवर मग जगभर पसरलेला एक मोठा उद्योग उभा राहिला. युरोपच्या रेल्वे कंपन्यांनी 1961 मध्ये 800 बाय 1,200 मिलिमीटरचे एकच माप ठरवले. अकरा फळ्या, नऊ ठोकळे, अठ्ठ्याहत्तर खिळे. इतक्या क्षुल्लक वस्तूचे खिळे मोजून ठरवण्यात त्या लोकांनी वेळ का घालवला, हे आपल्याकडे लौकर उमगले नाही. आपल्याकडे मालमोटारीत पोती आणि खोकी छतापर्यंत सुटी रचण्याची रीत पडली, कारण पॅलेट जागा खाते आणि रिकामे परत आणावे लागते. अशी सुटी भरलेली मोटार आली की शेजारी उभी असलेली लाखो रुपयांची फोर्कलिफ्ट बघत राहते, आणि हमाल पाठीवर पोती घेऊन उतरू लागतात. यंत्र विकत घेतले आणि काम हातानेच चालले, अशी गोदामे मी इतकी पाहिली आहेत की पुढे पुढे गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न ‘किती टनांची हवी?’ हा विचारतच नसे. ‘माल येतो कसा?’ हे विचारीत असे.

आता वितरकाकडे येऊ. परदेशी कंपनीची एजन्सी घेऊन यंत्रे आणून विकणारी पेढी, हा मुंबईचा जुना व्यवसाय आहे. 1851 मध्ये फोल्कार्ट बंधूंनी स्वित्झर्लंडातील विंटरथूर आणि आपली मुंबई अशा दोन ठिकाणी एकाच वेळी आपली पेढी उघडली. इथून कापूस न्यायचा आणि तिकडून तऱ्हेतऱ्हेचा माल आणायचा. पुढे त्या मालात यंत्रे आली, आणि यंत्रे विकायची तर इंजिनिअर ठेवावे लागतात, म्हणून पेढीत इंजिनिअरही आले. 1954 मध्ये त्या पेढीचा हा यंत्रांचा व आयातीचा भाग आणि टाटा यांनी मिळून ‘व्होल्टास’ ही कंपनी काढली. नावातली पहिली अक्षरे फोल्कार्टची आणि शेवटची टाटांची. दुसरे उदाहरण दोन डॅनिश इंजिनिअरांचे. हॉल्क-लार्सन आणि टूब्रो यांनी 1938 मध्ये मुंबईत भागीदारी सुरू केली ती दुग्धव्यवसायाची डॅनिश यंत्रे विकण्यासाठी. युद्धामुळे डेन्मार्कचा माल येईनासा झाला, तेव्हा विकायला काही नाही म्हणून त्यांनी लहानशा कारखान्यात स्वतःच यंत्रे बनवायला घेतली. 1945 मध्ये कॅटरपिलर या अमेरिकन कंपनीची माती हलवणारी अवजड यंत्रे विकण्याचा करार त्यांनी केला. लार्सन अँड टूब्रो या नावाचा पुढचा विस्तार आपण जाणताच.

या दोन्ही कथांत एकच वळण दिसते. वितरक यंत्र विकता विकता ते दुरुस्त करायला शिकतो, दुरुस्त करता करता त्याचे सुटे भाग बनवतो, आणि एक दिवस अख्खे यंत्र बनवतो. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधने आली, तेव्हा हे वळण घेणे अनेक पेढ्यांना भागच पडले. व्होल्टासही पुढे स्वतः फोर्कलिफ्ट बांधू लागली. आणि मग चक्र उलटे फिरले. 1991 नंतर परदेशी यंत्रांना दारे उघडली, आणि 2011 मध्ये व्होल्टासचा हा विभाग जर्मनीच्या किऑन या समूहाशी भागीदारीत गेला व पुढे पूर्णपणे त्या समूहाचा झाला. एजंटचा कारखानदार होतो आणि कारखानदाराचा पुन्हा परदेशी कंपनीशी संबंध जुळतो. यात कोणी जिंकले, कोणी हरले, असे मला वाटत नाही. परंतु ज्या कारागिरांनी मधल्या काळात ठाण्या-पुण्याच्या कारखान्यांत हे यंत्र बनवण्याची विद्या हस्तगत केली, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

लोकांना वाटते की वितरक यंत्र विकून पैसा मिळवतो. थोडासा मिळवतो. नवे यंत्र विकताना चार स्पर्धक आणि खरेदी विभागातला एक हुशार माणूस मिळून नफा पार पिळून काढतात. खरी मिळकत त्यानंतर सुरू होते. फोर्कलिफ्ट चांगली सांभाळली तर दहा-पंधरा वर्षे चालते, आणि या काळात तिला टायर लागतात, साखळ्या लागतात, तेलाच्या नळकांड्यांची सीले लागतात, फिल्टर, ब्रेकची अस्तरे, बॅटऱ्या लागतात. आमच्या मालकांचे एक वाक्य होते की, यंत्र विकणे म्हणजे लग्न लावणे, संसार पुढे आहे. म्हणून चांगल्या वितरकाची परीक्षा त्याच्या काचेच्या दर्शनी दालनात करू नये. मागच्या भांडारात जावे आणि पाहावे की दहा वर्षांपूर्वीच्या यंत्राची साखळी त्याच्याकडे शिल्लक आहे काय. बंदरात जहाज उभे आहे, यंत्र बंद पडले आहे, आणि तीनशे रुपयांचे एक सील मिळत नाही. अशा वेळी गिऱ्हाईक यंत्राच्या कंपनीला शिव्या देत नाही, वितरकाला देतो. त्याचे बरोबरच असते.

तरीही वितरकाच्या धंद्यात मोह आहे, आणि तो सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. विकणाऱ्याला विकायचे असते. एकदा एका गोदामासाठी मी स्वतः यंत्र सुचवले. उंची, वजन, फेऱ्या सर्व नीट लिहून घेतले. यंत्र आले तेव्हा ध्यानात आले की त्याचा मास्ट मिटलेल्या स्थितीतही दरवाजाहून चार बोटे उंच आहे. दरवाजाची उंची मी मोजली नव्हती. मालकाने ‘मोठा आहे हो’ म्हटले आणि मी मान डोलावली. भिंत फोडून चौकट उंच करावी लागली आणि तो खर्च आमच्या पेढीवर आला. तेव्हापासून मी खिशात फीत ठेवू लागलो. अरुंद वाटेत फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना तिची पाठ बाहेर फेकली जाते. तेव्हा दरवाजाइतकीच मधल्या वाटेची रुंदी मोजावी लागते. ज्याला एवढी जागा नाही त्याला वेगळ्या बांध्याचे यंत्र लागते, आणि कित्येकदा साधी हातट्रॉली पुरते. ‘तुम्हाला फोर्कलिफ्ट नको, दोन हातट्रॉल्या घ्या’ असे सांगणारा विक्रेता त्या महिन्यात मालकाची बोलणी खातो. पाच वर्षांनी तेच गिऱ्हाईक नवे गोदाम बांधताना त्यालाच बोलावते.

आणखी एक शाखा अलीकडे फोफावली आहे, ती भाड्याची. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला आणि करासाठी राज्याराज्यांत लहान वखारी ठेवण्याचे कारण उरले नाही. भिवंडीसारख्या ठिकाणी प्रचंड गोदामे उभी राहिली. दिवाळीच्या आधी दोन महिने तिथे यंत्रे दुप्पट लागतात आणि नंतर निम्मी पडून राहतात. मग विकत कशाला घ्यायची? वितरक यंत्रही देतो, चालकही देतो, दुरुस्तीही करतो, आणि महिन्याचे बिल पाठवतो. यंत्र शेवटी त्याचेच राहते, त्यामुळे ते लौकर बिघडू नये यात त्याचा स्वार्थ येतो. विक्रीपेक्षा हा व्यवहार मला अधिक सरळ वाटतो.

यंत्र मारते, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या दोन चाकांपासून मागच्या आसाच्या मध्यबिंदूपर्यंत रेषा काढल्या तर जमिनीवर एक त्रिकोण होतो. यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर सर्व ठीक. माल उंच धरून वेगाने वळण घेतले की तो मध्य बाहेर सरकतो आणि यंत्र आडवे होते. त्या क्षणी चालकाची सहजप्रेरणा उडी मारण्याची असते, आणि उडी मारणारा माणूस नेमका डोक्यावरच्या लोखंडी छपराखाली सापडतो. पट्टा बांधून आत बसणे, चक्र घट्ट धरणे आणि यंत्र पडते त्याच्या उलट बाजूला झुकणे, हा बचावाचा मार्ग आहे. वाचताना हे सोपे वाटते, पण हा सराव आधी करून घेतला नसेल तर ऐन वेळी कोणाला सुचत नाही. काट्यांचेही तसेच. काटा जिथे वाकतो त्या टाचेपाशी घासून घासून तो पातळ होतो. जाडी एक दशांश कमी झाली की तो काटा काढून टाकायचा असा नियम आहे, कारण तेवढ्यानेच त्याची ताकद जवळजवळ एक पंचमांश घटते. चाळीस मिलिमीटरचा काटा छत्तीसचा झाला हे डोळ्याला दिसत नाही, मोजावे लागते. 1948 च्या कारखाना कायद्याने उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घेण्याचे आणि त्यांवर सुरक्षित भाराचा आकडा लिहिण्याचे बंधन घातले ते याचसाठी. त्या तपासणीचा कागद भिंतीवर टांगलेला असतो. साखळी खरोखर तपासली गेली की नाही, हे साखळीलाच माहीत.

शेवटचा प्रश्न माणसांचा आहे. माथाडी हा शब्द माथ्यावरून आला. शंभर किलोंचे पोते माथ्यावर आणि पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने वाहायचे वजन 55 किलोंपेक्षा जास्त असेल तर ते लौकरात लौकर तेवढ्यावर आणावे. दोन वर्षांनी, 1969 मध्ये, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांची संघटना बांधली नसती तर तो झाला असता काय, याची शंका आहे. त्यापूर्वी हमालाला मालक नव्हता. तो आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. कायद्याने मंडळे स्थापन झाली. पेढ्यांनी मजुरी आणि तिच्यावर ठराविक आकार मंडळात भरायचा, आणि मंडळाने मजुरीबरोबर भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची व्यवस्था लावायची. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते अशा माणसाला यामुळे म्हातारपणाची पुंजी मिळाली.

पण मजुरी ठरली ती पोत्यावर किंवा टनावर, आणि पोते यंत्राने उचलले तर? बंदरात हा प्रश्न कंटेनरने आधीच सोडवून टाकला होता, आणि तोही निर्दयपणे. 1956 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 58 पेट्या घेऊन पहिले जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले. 1989 मध्ये आपल्या न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आणि मुंबईच्या जुन्या गोद्यांत टोळ्याटोळ्यांनी चालणारे काम ओसरत गेले. गोदामांत मात्र झगडा अजून चालू आहे. कारखानदार म्हणतात, यंत्राने उतरवलेल्या मालाची वाराई आम्ही कोणाला द्यायची आणि का? शिवाय माथाडीच्या नावाखाली काही ठिकाणी निव्वळ वसुली चालते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. कामगार म्हणतात, तीन पिढ्या आम्ही पाठ दिली, आता पाठीची गरज सरली म्हणून आम्हीही सरलो काय?

एका कारखान्यात आमची फोर्कलिफ्ट मालमोटारीवरून आली, त्या दिवशी हा वाद मी डोळ्यांसमोर पाहिला. फोर्कलिफ्ट उतरवायला उतार नव्हता, आणि दुसरी फोर्कलिफ्ट तर नव्हतीच. टोळी बाजूला उभी होती. मुकादम साठीच्या घरातले. ते मला म्हणाले, “साहेब, हे यंत्र आमच्या पोटावर येणार, आणि ते उतरवायचंही आम्हीच?” मी म्हटले, “मुकादम, तुमचं म्हणणं खरं आहे. पण मोटार संध्याकाळपर्यंत सोडायची आहे.” त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग मालकाला बोलावून घेतले आणि त्याच्यासमोर एक अट घातली की यंत्रावरचा चालक टोळीतलाच हवा, आणि त्याला शिकवण्याचा खर्च कारखान्याने करायचा. मालक बराच वेळ कुरकुरला. शेवटी कबूल झाला. टोळीने लाकडी ओंडके, पहारी आणि चेनपुली लावून तीन तासांत ते यंत्र जमिनीवर आणले. मी ते काम शेजारी उभा राहून पाहिले, आणि आमच्या पेढीतल्या कोणालाही ते तसे जमले नसते.

मुकादमांचा पुतण्या त्या यंत्रावर बसला. टोळी बावीस जणांची होती. पुढे चार वर्षांत ती नऊ जणांची झाली. जे गेले त्यांतले काही म्हातारे होते, काही गावी शेतीकडे परतले, आणि काहींचे काय झाले ते मला कळले नाही. पुतण्या मात्र अनेक वर्षे आमच्या भांडारात साखळ्या आणि सीले न्यायला येत असे. काटे बदलायचे असले की तो स्वतःच खिशातून माप काढी आणि टाचेची जाडी मोजून दाखवी.